बुवाचा एकच खेळ

दिवाळीत नातवंडं ओसरीवर बसून नावांच्या भेंड्या खेळत होती. संगीत नाटकांची आणि गाण्यांच्या सिनेमांची नावं, एवढीच चालतील आणि नावाआधीचं 'संगीत' मोजायचं नाही, असा नियम. एकानं एक सांगायचं, त्याच्या शेवटच्या अक्षरावरून दुसऱ्यानं. 'र' आला आणि सगळी अडली. मी कोपऱ्यात वाती वळत होते. तिथूनच म्हटलं, "संगीत राही."

"असलं नाटक नाही, आजी."

"हाय. 'संगीत राही अथवा शापित राणी'. गेवराईकडं लई गाजलेलं."

थोरला नातू कॉलेजात शिकतो. त्यानं मला मोठ्या मायेनं समजावलं, की संगीत नाटकांचा सगळा इतिहास त्याच्या पुस्तकात आहे आणि त्यात राही कुठंच नाही. मला बाद केलं. मी पुन्हा वातींकडं वळले. पोरगं बरोबर बोललं होतं. राही कुठल्याच पुस्तकात नाही.

म्हणून हे लिहायला घेतलं. पण राहीचं सांगायचं तर आधी मुकुंदबुवाचं सांगावं लागतं. काही माणसं आठवली की डोळ्यांत पाणी येतं. बुवा आठवला की ते माझ्या तोंडात येतं. मग मी उठते, मोरीत जाऊन थुंकते, चूळ भरते आणि पुन्हा लिहायला बसते. त्याला आम्ही तेव्हा अहोजाहो करत होतो. आता मी करत नाही. म्हातारपणाचे फायदे मोजकेच, त्यातला हा एक.

सुगी आटोपली, ज्वारीची खळी मोकळी झाली, की बुवा आमच्या दिंद्रुडला यायचा. बैलगाड्यांमधून पडदे, पेट्या, तबले आणि माणसं यायची. नाटक बघायचं असेल तर गावानं मंडळीला पोसायचं, असा रिवाज. आमचे आबा गावचे माली पाटील, सारा वसूल करणारे. जमीन पुष्कळ आणि गाण्याचं वेड त्याहून पुष्कळ. त्यामुळं मंडळी देवळाच्या ओवरीत उतरायची आणि जेवायला आमच्याकडं यायची.

मी तेव्हा अकरा-बारा वर्षांची असेन. नाव कोंडा. माझ्या आधीची भावंडं जगली नाहीत, थोरली आक्का तेवढी वाचली. म्हणून माझ्या वेळी यमाला मोह होऊ नये असं नाव ठेवलं. कोंड्याला कोण हात लावतो? डोक्यात खोबऱ्याचं तेल, नाकात शेंबूड आणि काळजात मुकुंदबुवा, असा माझा अवतार होता. बुवाचं वय तेव्हा आबांएवढंच, कदाचित जास्तच. पण तो राजा होऊन आला की मला वाटे, जगात एवढा देखणा पुरुष दुसरा नसेल. जग मी तोवर माजलगावच्या बाजारापर्यंतच पाहिलेलं होतं.

आता तो खरा कसा होता ते सांगते. डाव्या करंगळीचं नख त्यानं वाढवून वाकडं केलं होतं. त्या नखानं तो कान कोरायचा. कोरून झालं की नख उजेडाकडं धरून, सोनार गुंज बघतो तसं बघायचा, मग धोतराला पुसायचा, आणि त्याच नखानं डबीतला चुना काढून पानाला लावायचा. पहिलं पान स्वतःला, दुसरं आबांना. आबा ते डोळे मिटून घ्यायचे, तीर्थ घ्यावं तसं. माय चुलीपाशी बसून हे बघायची आणि भाकरी थापता थापता तिचा हात जरा जास्तच जोरानं पडायचा.

पिचकारी तो ओसरीवरून मारायचा. खाली मायनं हौसेनं लावलेली पांढरी गुलबक्षी होती. माय म्हणायची, "पांढरीच लावलीती, आता तांबडी फुलती."

जेवताना बुवा मनगटापर्यंत बोटं चाटायचा. ढेकर द्यायचा तर तोही सुरात, लांबवून. आबा मान डोलवून म्हणायचे, काय गंधार लागलाय. नाटकात लोक आवडलेल्या गाण्याला 'वन्स मोअर' देतात ना, ते बुवानं आमच्या पंगतीत आणलं. तूप वाढलं की 'वन्स मोअर'. सगळे हसायचे, मीही खिदळायचे. एक गोष्ट मायनं हेरली होती, मी नव्हती हेरली. तूप माय वाढत असली की बुवा मुकाट्यानं खायचा. आक्का वाढत असली की 'वन्स मोअर' व्हायचं. आणि तेव्हा त्याची नजर तुपाच्या वाटीवर नसायची, बांगड्यांच्या वर असायची.

राजाचा मखमली कोट त्याला कुणीतरी बक्षीस दिलेला. धुतला तर रंग जाईल म्हणून कधी धुतला नाही. त्याला भिजलेल्या बोकडाचा वास यायचा. मिशीला काजळ लावायचा. गाताना घाम आला की ते ओघळून हनुवटीपर्यंत यायचं. मी घराच्या माळवदावरून, बायकांच्या गर्दीत बसून ते बघायची आणि हुंदके द्यायची. मला वाटे, राजाचा विरह ओघळतोय.

खेळ एकच. राजाची राणी ऋषीच्या शापानं हरणी होते, राजा रानोमाळ गात हिंडतो, शेवटी हरणी परत राणी होते. बस. हरणी म्हणून त्या त्या गावातली शेळी घ्यायचे. एका वर्षी आमच्याच शेळीचा मान होता. बुवानं विरहाचं पद लांबवून लांबवून सम गाठली आणि नेमकी शेळी ओरडली. लोकांनी शेळीला 'वन्स मोअर' दिला. तीही भली, परत ओरडली. पडदा पडल्यावर बुवानं त्या शेळीच्या पोटात लाथ घातली. माळवदावरून मला मागची बाजू दिसत होती. गाभण शेळी, तशीच खाली बसली. मी ते बघितलं आणि लगेच मनाशी ठरवलं, की चूक शेळीचीच. मधे ओरडायचं कावून?

अशी मी.

खेळ एक असला तरी त्याची नावं मात्र अनेक. बुवा म्हणायचा, नाटकाच्या नावाआधी 'संगीत' नसलं तर ते नाव म्हणजे बिगर कुकवाची बाई. आणि नावाच्या पोटात 'अथवा' पाहिजेच. आमच्याकडं हुजूर सरकारचा अंमल; चार माणसं जमवून खेळ करायचा तर इजाजत काढावी लागे, आणि ती खेळाच्या नावानं मिळे. बुवाची इजाजत 'शापित राणी' या नावाची. तेव्हा 'अथवा'च्या पलीकडं 'शापित राणी' कायम असायची, सरकारसाठी. 'अथवा'च्या अलीकडचं नाव तो आपल्या मर्जीनं घालायचा, गावासाठी. पंगतीत बसून तो आपली गाजलेली नाटकं सांगायचा: संगीत अनसूया अथवा शापित राणी, संगीत चंद्रभागा अथवा शापित राणी, संगीत राही अथवा शापित राणी. आबा हळहळायचे, ही आपल्याकडं कधी व्हायची? बुवा हसायचा आणि म्हणायचा, एकेका गावाचं एकेक नशीब.

मला वाटायचं ही मोठमोठी वेगळाली नाटकं असणार. मी ती नावं पाठ केली. गजगे खेळताना गजगा वर उडवायचा आणि एकेक नाव म्हणायचं. गावातल्या पोरींत मी नाटकातली जाणकार ठरले होते, एकच नाटक बघून.

आणि मनात एक इच्छा होती. ती आता सांगायला काही वाटत नाही, तेव्हा जीव गेला असता. माझं नाव त्या 'संगीत'च्या पुढं लागावं. एकदा बुवा ओसरीवर एकटा कान कोरत बसला होता तेव्हा मी खांबाला धरून उभी राहिले आणि न विचारता सांगितलं, "माजं नाव कोंडा हाय."

बुवानं नख उजेडात धरलं. "कोंडा? न्हाई गं पोरी, गळ्यात बसत न्हाई."

मी दोन दिवस जेवले नाही. माझ्या आईबापानं मला भुशाचं नाव ठेवलं, याचे उपकार मला पुढं कळले.

मंडळीबरोबर बुवाची बायको असायची. सगळे तिला रमाबाई म्हणत. पंचविशीची असेल, पण कपाळावर आठ्यांची शेती. मंडळी आमच्याकडं जेवायची, म्हणून दळणाला ती आमच्या घरी यायची. जात्यावर बसली की बायका आपसूक ओवी गातात. ही नुसती दळायची. एकदा मायनं विचारलं, "रमाबाई, तुमी गात न्हाई का?"

ती म्हणाली, "घरात येक गातंय तेवढं पुरं हाय, बाई."

त्या वर्षी आक्काचं लग्न ठरलं होतं. आक्काचं नाव मथुरा. धारूरचं स्थळ; मुलगा शिकलेला, घरी बागायत. साखरपुडा झालेला. आक्का शांत मुलगी, घरात आहे की नाही कळायचं नाही. पहिला खेळ नेहमीसारखा झाला. दुसऱ्या खेळाच्या दिवशी सकाळीच हलगी वाजली. हलगीवाला भिवा आमच्या दारापुढं उभा राहून ओरडला, की आज रात्री पाटलाच्या खळ्यावर मुकुंदबुवांचा नवा खेळ, 'संगीत मथुरा अथवा शापित राणी'.

आबांची छाती फुगली. कलावंतानं आपल्या घराचा मान केला असं त्यांना वाटलं. मी न्हाणीच्या मागं जाऊन रडले, कारण नाव आक्काचं लागलं आणि माझं नाही. मायचे हात मात्र पिठात थांबले ते थांबलेच.

आमच्याकडं हलगीवर नाव वाजायचं ते लिलावात निघालेल्या शेताचं, नाहीतर चुकलेल्या बैलाचं. घरंदाज पोरीचं नाव कुणी चारचौघांत घेत नसे, आणि इथं ते बाजारातून, वेशीतून, पारावरून वाजत गेलं. टवाळ पोरं आडावर 'संगीत मथुरा' म्हणून शीळ घालायला लागली. पुढच्या बाजाराला ही गोष्ट धारूरला पोचली आणि साखरपुड्याचं लुगडं-नारळ परत आलं. आणणाऱ्या माणसानं पाणीसुद्धा घेतलं नाही. म्हणाला, जिचं नाव हलगीवर वाजलं ती लेक आमच्या उंबऱ्यात नको.

त्या दिवशी बुवा जेवायला आला तो पानावर बसलाच नाही. आबांपुढं उभा राहिला, हात जोडले, राजाच्या आवाजात म्हणाला की माझ्याकडून घडलं, मीच निस्तरतो. मूलबाळ नाही, रमेची कूस उजवली नाही, आपली जातकुळीही जुळते. मथुरेला मी पदरात घेतो.

आबांच्या डोळ्यांत पाणी आलं. केवढं मोठं मन, असं ते मायला म्हणाले. येत्या गुरुवारी सुपारी फोडायचं ठरलं. बुवा मग निवांत पानावर बसला, आणि तूप वाढायला आक्काला बोलवा म्हणाला.

तुम्हाला वाटेल मला तरी शहाणपण आलं असेल. छे. मी आनंदानं नाचत होते. मुकुंदबुवा माझा दाजी होणार होता. राजा आपल्या घरी कायमचा जेवायला येणार. मी तर मनात आक्काच्या सवतीची दासी व्हायलाही तयार होते.

सुपारीच्या आदल्या दिवशी, दुपार कलल्यावर, मी जात्याच्या खोलीबाहेर गजगे खेळत होते. आत रमाबाई दळत होती, आक्का दाण्यातले खडे निवडत होती, माय सूप घेऊन पाखडत होती. मी माझी नावं म्हणत होते. संगीत अनसूया. संगीत चंद्रभागा. संगीत राही. आणि आता नवीन जोडलेलं, संगीत मथुरा.

जातं थांबलं.

"कोंडे, पुन्यांदा म्हण बरं."

मी ऐटीत म्हटलं. वर तिला शिकवलं, की ही बुवांची गाजलेली नाटकं आहेत, तुम्हाला ठाऊक नसतील.

रमाबाईनं खुंट्यावरचा हात काढला, पदराला पुसला. "राही म्हंजे मी," ती म्हणाली. "गेवराईकडं माजं म्हायेर. माजं बी लग्न ठरलंतं. माजं बी नाव असंच वाजलं, आन असाच ह्यो हात जोडून उभा ऱ्हायलाता."

मायनं सूप खाली ठेवलं. अनसूया आणि चंद्रभागा कोण, हे तिनं विचारलं. पहिली आणि दुसरी, रमाबाईनं सांगितलं. लग्नात सासरचं नाव ठेवायची आपली रीत. बुवानं तिघींचंही नाव रमाच ठेवलं, घोकायला सोपं म्हणून. चंद्रभागेला त्यानं टाकली, ती भावाच्या दारात बसून असते आणि कुठल्याही नावानं हाक मारली तरी ओ देत नाही. अनसूया बारवेत गेली.

"नाटकाचं नाव नवं झालं की बायकू जुनी होती," ती म्हणाली. हे सगळं तिनं बाजारभाव सांगावा तसं सांगितलं.

खेळ एकच आणि नावं वेगळाली. बायका वेगळाल्या आणि नाव एकच. मला तेव्हा यातलं काहीच नीट कळलं नाही. माझ्या हातातले गजगे मात्र घामानं ओले झाले होते, एवढं आठवतं.

मग खडे निवडता निवडता, वर न बघता आक्कानं विचारलं, "त्या बारवंला पायऱ्या होत्या का?"

मी माझ्या मायला कधी घाबरलेली पाहिलं नव्हतं. तेव्हा पाहिलं. ती उठली, आक्कापुढचं सूप ओढून बाजूला केलं आणि तिचा हात धरून बसली. कितीतरी वेळ.

मग ती आबांकडं गेली. सगळं सांगितलं. आबा म्हणाले, कलावंतांचं असंच असतं, त्यांना संसाराच्या तराजूत तोलू नये; आणि धारूरकरांनी मोडलेली पोर आता दुसरं कोण करणार? माय परत आली. तिनं वाद घातला नाही. तिचा वाद संपला की घरात एक प्रकारची शांतता व्हायची, आणि जुन्या गड्यांना ती ओळखता यायची. ते लगेच काहीतरी काम काढून रानात जायचे.

रात्री खेळ होता, सुपारीच्या निमित्तानं बुवानंच ठेवलेला. माजलगावचे पोलिसांचे अमीनसाहेब कुठल्याशा चोरीच्या तपासाला गावात आलेले, चावडीपुढं बाजेवर बसलेले होते. बुवा त्यांच्यापुढं पानाचा डबा उघडून बसला होता आणि शेजारी आबा. हे सगळं मायला ठाऊक होतं. तिनं परसदारानं भिवा हलगीवाल्याला बोलावून घेतलं. नाटकाला पोसणाऱ्या घरानं नाव सुचवायचं, एवढा मान बुवानंच दरसाली तोंडदेखला दिलेला होता. मायनं तो घेतला. भिवानं नाव ऐकलं आणि हलगीचं टिपरूच त्याच्या हातातून पडलं.

"पाटलीणबाई, बुवा मारल मला."

"बुवाला म्हणावं, पाटलीणबाईनं सांगितलंय. मला मारायला ये म्हणावं."

मग ती रमाबाईकडं वळली आणि विचारलं, तुझं नाव घालू का नको. तू सांगशील तसं. रमाबाईनं जरा विचार केला.

"येकदा वाजलंच हाय. पर आता त्येचं वाजू द्या आदी. माजं मी सांगीन."

ती घागर घेऊन आडाकडं निघाली. आड चावडीच्या समोरच. मी तिच्यामागं पळाले, कारण हलगी आणि बुवा दोन्ही तिकडंच होते.

भिवानं वेशीतून सुरुवात केली. ऐका हो ऐका, आज रातच्याला पाटलाच्या खळ्यावर नवा खेळ, 'संगीत मुकुंदबुवा अथवा तीन रमा'. पारावर लोक हसले. गल्लीतून बायका दारात आल्या. पोरं मागं लागली. चावडीपर्यंत येईतो भिवालाच रंग चढला होता. त्यानं तीन रमांना हलगीचे तीन ठोके दिले.

बुवाचं नख चुन्याच्या डबीत होतं, ते तिथंच राहिलं. अमीनसाहेब हसले नाहीत. त्यांना मराठी बेताची, पण नाव बदललेलं बरोबर कळलं.

"क्यों बुवा, इजाजत तो शापित राणी की है. ये तीन रमा का खेल कब पास कराया?"

"साहेब, ह्ये नाटक न्हाई," बुवा म्हणाला.

"नाटक नहीं तो क्या है? कौन हैं ये तीन रमा?"

आता बघा, बुवापुढं दोनच वाटा. नाटक म्हणावं तर विनापरवान्याचा गुन्हा. नाटक नाही म्हणावं तर मग काय आहे ते सांगायला हवं. आयुष्यभर तो 'अथवा'च्या दोन्ही बाजूंनी खाल्लेला माणूस, त्या दिवशी बरोबर मधे अडकला. त्यानं राजाचा आवाज लावला, हात जोडले, कलेची बदनामी वगैरे सुरू केलं.

आडापाशी रमाबाईनं भरलेली घागर खाली ठेवली. चारचौघांत, पुरुषांसमोर, डोईवरचा पदर न ढळू देता ती पुढं आली.

"त्यातली येक मी हाय, साहेब. माजं नाव राही. दुसरी भावाच्या दारात हाय, ती बोलत न्हाई. तिसरीला इच्चारायचं तं बारव उपसाया लागंल."

हलगी थांबली होती. टवाळ पोरं थांबली होती. आडावरचा रहाट तेवढा आपल्या नादात कुरकुरत उलटा फिरत होता.

आबांच्या गालात बुवानं लावलेलं पान होतं. मी त्यांच्याकडं बघत होते. त्यांनी चावणं थांबवलं. मग ते बाजेवरून पुढं वाकले आणि ते सगळं, तांबडं लाळेरं, जमिनीवर थुंकून टाकलं. तोंड पुसलं. पुन्हा थुंकले. आमच्या घरात पुन्हा कधी पानाचा डबा उघडला नाही.

अमीनसाहेबांनी खेळ बंद केला. दिवस मावळायच्या आत गाड्या जुंपल्या. मायनं राहीला ठेवून घ्यायचं पुष्कळ मनावर घेतलं. राही नको म्हणाली. तुमच्या वसरीला किती दिस ऱ्हाऊ, आन उद्या तुमच्या दुसऱ्या पोरीला कोण करंल, असं तिनं विचारलं. मायनं तिची ओटी भरली आणि भरताना तिचं नाव घेतलं, राही म्हणून. मंडळीच्याच गाडीत परत बसताना राही पहिल्यांदा हसलेली मी पाहिली. दात फार सुंदर होते तिचे.

मी ओक्साबोक्शी रडले. बायकांना वाटलं राहीसाठी. एवढी अक्कल मला कुठली? रात्रीचा खेळ बुडाला म्हणून रडत होते.

आक्काचं पुढच्या साली बालाघाटातल्या एका गावी लग्न झालं. नवरा शेतकरी, हलगी आणि तबला त्याला एकच वाटायचे. लोक म्हणायचे, अरसिक आहे. आक्का म्हणायची, देवानं ऐकलं.

बुवाला मी त्यानंतर एकदाच पाहिलं. माझं लग्न होऊन गेवराईकडं दिलेली, पदरी चार वर्षांची मुलगी. जत्रेत बोलपटाचा तंबू आला होता. पडद्यावरची माणसं गातात, हे बघायला पंचक्रोशी लोटली होती. तंबूच्या तोंडाशी एक म्हातारा पत्र्याचा भोंगा लावून ओरडत होता. सिनेमाचं नाव काहीतरी उर्दू होतं. म्हातारा त्याला पुढं 'संगीत' जोडत होता आणि मधे 'अथवा' घालून काहीबाही नाव लावत होता. अंगात तोच मखमली कोट. बाह्यांना केस उरले नव्हते, वास उरला होता.

मला वाटलं होतं, कधी भेटला तर चार शिव्या देईन. पण गर्दीनं मला अगदी त्याच्यापुढं नेऊन उभं केलं, आणि तोंडातून एवढंच आलं, "राही कुठं हाय?"

त्यानं माझ्याकडं पाहिलं. मला ओळखलं नाही. आठवायचा प्रयत्न मात्र केला. तेवढं खरं सांगायला हवं. दात नव्हते, ओठांच्या कोपऱ्यांत तांबडं सुकलेलं होतं.

"कोन राही?" तो म्हणाला.

मग त्याची नजर खाली गेली. माझ्या मुलीनं त्या दिवशी खणाचं परकर-पोलकं घातलं होतं, कानात डूल. त्यानं भोंगा बगलेत धरला, खाली वाकला, आणि ती करंगळी, ते वाकडं नख, तिच्या हनुवटीला लावलं.

"नाव काय गं तुजं, बाळ?"

पोरीचे डोळे लकाकले. ती कोटाकडं बघत होती, भोंग्याकडं बघत होती. तिनं तोंड उघडलं, आणि मी पटकन तिच्या तोंडावर हात दाबला. दाबून तिला तशीच उचलली आणि गर्दी उलटी कापत बाहेर आले. मागं भोंगा पुन्हा सुरू झाला होता.

तिचं नाव मी इथंही लिहीत नाही.

जत्रेच्या बाहेर, उसाच्या गाड्यांपाशी आल्यावर हात काढला. तळव्यावर बारीक दात उमटले होते. पोरीनं मला कडकडून चावलं होतं. तिला नाव सांगायचं होतं.